आठ मोडची माळ

काल दुपारी एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात, शिडीवर उभ्या असलेल्या माणसाने माझी पंधरा वर्षांची कारकीर्द मोडीत काढली. अजून घास गोड लागत नाहीये.

कार्यालय पुण्यातलंच, एरंडवण्याकडचं. त्यांची वेबसाइट मी करतोय. हॉलचे फोटो, भाडं, रिकाम्या तारखा, फोन नंबर, संपलं. पण मालक काकांना पानावर वरून झेंडूच्या पाकळ्या पडायला हव्यात, माउसच्या मागे अक्षता उधळायला हव्यात, 'बुकिंग सुरू' हे लुकलुकायला हवं आणि साइट उघडताक्षणी सनई वाजायला हवी.

"काका, सनई आपोआप वाजत नाही. २०१८ पासून क्रोमच अडवतं. माणसाने पानावर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय ते सहसा आवाज वाजू देत नाही."

"म्हणजे तुम्हाला जमत नाही."

हे एक वेगळंच बहिरेपण आहे. 'नको' म्हटलं की 'जमत नाही' ऐकू येतं. डॉक्टरने गोड खाऊ नका सांगितलं, तर "तुम्हाला जिलबी येत नाही का?" असं कोणी विचारत नाही.

मी शेवटचं अस्त्र काढलं. "काका, तुमच्या दारावरची पाटी बघा. 'येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल.' पांढऱ्यावर काळी अक्षरं, एकही हलत नाही. तरी अख्खी गल्ली वाचते की नाही?"

काका शांतपणे म्हणाले, "ती पाटी लोकांना घालवायला आहे. वेबसाइट बोलवायला."

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात वरून आवाज आला, "शेठचं बरोबर आहे."

वर लाइटवाला. खिडकीला माळा लावत होता. तोंडात चिकटपट्टीचा तुकडा, तो काढून खिशाला चिकटवला आणि चर्चेत उतरला. शिडीवरून मात्र उतरला नाही.

"दादा, लुकलुकल्याशिवाय गिऱ्हाइकाची नजर जात नाही. तुमच्या साइटला मोड किती?"

"मोड नसतात."

"एकही नाही?" त्याने काकांकडे असं बघितलं, जसं फसवल्या गेलेल्या माणसाकडे बघतात. "आपल्या दीडशे रुपयांच्या माळेला आठ असतात."

मी म्हटलं, एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये, असं वेबचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. काही जणांना त्याने फिट येऊ शकते.

"सेकंदाला तीन?" त्याने माळेच्या डबीचं बटण दाबलं. "हा बघा, लाट. हा पळता. हा हळूहळू विझणारा. हा मिक्स. आता हा मोजा." खोलीभर जे काही सुरू झालं ते मोजण्यापलीकडचं होतं. काकांनी डोळे मिटून घेतले, पण कौतुकाने मान हलवत होते.

"आणि आठवा?" मी विचारलं.

"तो नुसता चालू राहतो. तो कुणी लावत नाही."

माझा अख्खा धंदा त्या आठव्या मोडवर चालतो.

काकांना पळती ओळही हवी होती, हे राहिलंच. इंटरनेट एक्स्प्लोररने नव्वदच्या दशकात 'मार्की' टॅग, म्हणजे ओळ पळवणारी कोडमधली खूण, आणला. वेबच्या मानकाने तो कधीच बाद ठरवला, तरी ब्राउझर अजून चालवतात. रिटायर होऊनही रोज ऑफिसात येऊन बसणाऱ्या हेडक्लार्कसारखा. जुन्या नेटस्केप ब्राउझरचा लुकलुकणारा 'ब्लिंक' तरी फायरफॉक्सने २०१३ मध्ये एकदाचा काढून टाकला. हे मी सांगत होतो तेव्हा काका ड्रॉवर उघडून लाइटवाल्याचे आठशे रुपये मोजत होते. रोख. जागच्या जागी. माझा दुसरा हप्ता दिवाळीपासून 'बघू'वर आहे, आणि त्या 'बघू'ला एकच मोड आहे.

अखेर तह झाला. पाकळ्या पडतील, पण पाच सेकंदच. अक्षता रद्द. लुकलुक रद्द. रात्री पाकळ्या चढवून मी काकांना लिंक पाठवली.

साडेदहाला फोन. "अहो, पाकळ्या पडतच नाहीयेत!"

माझ्याकडे पडत होत्या. बायकोच्या फोनवर पडत होत्या. शेवटी काकांच्या फोनचं सेटिंग बघायला लावलं. तिथे हलती चित्रं बंद करण्याचं बटण चालू होतं, आणि ते बटण चालू असेल तर पाकळ्या पाडायच्या नाहीत हे मीच कोडमध्ये लिहिलेलं.

"हां, ते होय," काका म्हणाले. "नातवाने करून दिलंय. फार हललं की मला गरगरतं."

मी काही बोललो नाही.

"पण तुम्हाला जमत नसेल तर राहू दे," ते पुढे म्हणाले. "उद्या दहाला लाइटवाल्याला पाठवतो तुमच्याकडे. त्याला दाखवा एकदा."

आज तो पावणेदहालाच आला. शिडी घेऊन.