सहा-शून्य

गेल्या रविवारी नागपूरहून भाच्याचा एका ओळीचा निरोप आला: "मामा, जॉर्डन ६-०, तुमचा लेब्रॉन ४-६. विषय संपला." आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर जूनमध्ये हा विषय असाच संपतो: अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये थोर कोण, मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स? आकडे त्यांच्या अंतिम फेरीतल्या जय-पराजयांचे. मी इथे अमेरिकेत मध्यरात्रीपर्यंत जागून जो अंतिम सामना पाहतो, तोच तो तिकडे सकाळच्या चहाबरोबर पाहत असतो. त्यामुळे त्याची मते ताजीतवानी असतात आणि माझी उत्तरे पेंगुळलेली.

अंतिम फेरीत सहा वेळा जाऊन सहाही वेळा जिंकणे ही थोरच गोष्ट आहे. परंतु मायकेल जॉर्डन एकूण तेरा हंगाम प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, खेळला आणि त्यांपैकी सात हंगामांत तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचलाच नाही, हे त्या दोन आकड्यांत कुठेच दिसत नाही. पहिल्या तीन वर्षांत त्याच्या शिकागोने प्लेऑफचे दहा सामने खेळून एक जिंकला. २० एप्रिल १९८६ रोजी बोस्टनमध्ये त्याने ६३ गुण केले. प्लेऑफच्या एका सामन्यातला तो विक्रम आजही अबाधित आहे. तो सामना शिकागोने दुहेरी जादा वेळेत १३५-१३१ असा गमावला आणि मालिकाही ०-३ अशी गेली. पायाचे हाड मोडल्यामुळे जवळजवळ सगळा हंगाम बाहेर बसलेल्या मुलाने समोरचा सर्वोत्तम संघ हतबल करून सोडला, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतल्या या सर्वांत मोठ्या खेळाला ६-० मध्ये जागाच नाही.

उलट ३१ मे २००७ ची रात्र घ्या. पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत डेट्रॉइटविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना, पाचव्या सामन्यात बावीस वर्षांच्या लेब्रॉनने ४८ गुण केले आणि क्लीव्हलँडचे शेवटचे सलग २५ गुण एकट्याने काढले. त्या जोरावर तो संघ अंतिम फेरीत गेला आणि तिथे सॅन अँटोनियोकडून ०-४ असा सपाटून हरला. म्हणजे त्या रात्री तो नुसता ढेपाळला असता, तर भाच्याच्या हिशेबात त्याच्या नावावरचा एक पराभव कमी झाला असता! आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्या मुलाचे नाव लग्नकार्यांत वर्षानुवर्षे हळहळीने निघते. पूर्वपरीक्षेतच गळालेल्यांना कोणी विचारत नाही. हा हिशेब भाच्याने तिथूनच उचलला असावा, अशी माझी शंका आहे.

विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्याच मोजायच्या, तर बोस्टनच्या बिल रसेलच्या अकरा आहेत, तेरा हंगामांत. हे लिहिले की उत्तर येते, तेव्हा बहुतेक वर्षी आठ-नऊच संघ होते आणि दोन मालिका जिंकल्या की विजेतेपद मिळत असे. ते खरेच आहे. मात्र रसेलला काळाचा संदर्भ लावायचा आणि लेब्रॉनला लावायचा नाही, हा कुठला न्याय? जेरी वेस्ट नऊ अंतिम फेऱ्यांपैकी आठ हरला, आणि लीगच्या बोधचिन्हावरची आकृती त्याच्यावरूनच काढलेली आहे.

२०११ च्या अंतिम फेरीत डॅलसविरुद्धच्या चौथ्या सामन्यात लेब्रॉनने केवळ ८ गुण केले, याचे समर्थन माझ्याकडे नाही. लॉस एंजेलिसमधली त्याची अलीकडची वर्षे मी या चर्चेत आणत नाही. का, ते विचारू नये.

तीस सेकंदांच्या चित्रफिती पाहून मत बनवणाऱ्यांना हा खेळ कसा कळणार, असे माझ्या तोंडून अनेकदा निघते. मी क्लीव्हलँडच्या पार्मा या उपनगरात राहतो. लेब्रॉनचे जन्मगाव अ‍ॅक्रन इथून पाऊण तासावर. २०१० च्या जुलैत तो मायामीला निघाला, त्या रात्री शेजाऱ्याने त्याची जर्सी ड्राइव्हवेतल्या ग्रिलवर टाकली आणि जळक्या नायलॉनचा वास आमच्या स्वयंपाकघरात सकाळपर्यंत राहिला. २०१४ मध्ये तो परतला, तेव्हा याच शेजाऱ्याने नवी जर्सी विकत घेतली. २०१६ मध्ये १-३ अशा पिछाडीवरून, हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटला हरवून क्लीव्हलँडने बावन्न वर्षांनी या शहराला विजेतेपद मिळवून दिले, आणि दोन वर्षांनी लेब्रॉन पुन्हा निघून गेला, तेव्हा ग्रिलवर फक्त हॉट डॉग होते.

२०१४ मधल्या लेब्रॉनच्या परतण्याची बातमी मी ताईला फोनवर कौतुकाने सांगितली होती. ती म्हणाली, "चार वर्षांत आला की तो." मी तीन वर्षांसाठी म्हणून २००२ मध्ये इकडे आलो, हे तिला वेगळे सांगावे लागत नाही.

खरे तर मी जॉर्डनचाच भक्त होतो. १९९८ च्या जूनमधली ती सकाळ, धरमपेठेतले आमचे घर, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि केबलच्या मुंग्या आलेल्या चित्रात ५.२ सेकंद उरले असताना युटाविरुद्ध त्याने मारलेला तो शेवटचा बास्केट. ताई शाळेच्या संघाकडून खेळलेली, चेंडू हातातून सुटताच ती ओरडली, "गेला आपला!" तेव्हा जॉर्डन 'आपला' होता. आता तिचाच मुलगा मला 'तुमचा लेब्रॉन' असे लिहितो, आणि ४-६ पेक्षा तो 'तुमचा' मला अधिक लागतो, हे गटावर लिहिता येत नाही.

म्हणून मी त्याला डेट्रॉइटच्या त्या सामन्याची चित्रफीत पाठवली, तीस सेकंदांची नव्हे, संपूर्ण. तिकडे आता सकाळचे साडेसहा वाजले असतील. निळ्या खुणा अजून उमटलेल्या नाहीत.