सटवाईला एवढी घाई कसली होती?

अनंत चतुर्दशीच्या रात्री मला नीट झोप लागत नाही. चाळिशी ओलांडली, पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, तरी त्या पहाटे चारच्या सुमाराला डोळे उघडतातच. लातूर-धाराशिवकडच्या (पूर्वीचं उस्मानाबाद) माझ्या वयाच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपतीचं विसर्जन झालं, माणसं नाचून दमून घरी येऊन झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेतच खाली बसली. सुमारे ८ हजार माणसं गेली.

आमचं गाव तिथून तीसेक किलोमीटरवर. आमच्या भिंतीला नुसती चीर पडली. आत्याचं गाव मात्र त्याच पट्ट्यात. मामा रानात राखणीला होते म्हणून वाचले. आत्याला दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. तिची दोन्ही लेकरं गेली. मोठा माझ्याच वयाचा होता, नऊ वर्षांचा. त्याची नि माझी एक भोवऱ्याची उधारी होती, ती राहूनच गेली.

पाऊस लागला होता, लाकडं ओली. एकेका चितेवर किती जण होते, हे आप्पांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो सटवाईचा. आमच्याकडं लेकरू झालं की पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. मी आजीला विचारलं, "एवढ्या सगळ्या कपाळांवर तिनं एकच वेळ कशी काय लिहिली? कुणी ऐंशी वर्षांचं, कुणी पाच महिन्यांचं. एकाचंही मिनिट इकडं-तिकडं नाही?" आजीनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. पुढं मोठमोठे ग्रंथ चाळले, पण या प्रश्नावर त्या धपाट्याहून बरं उत्तर मला सापडलं नाही.

तरी माझी श्रद्धा तेव्हा गेली नाही. नऊ वर्षांच्या पोराची श्रद्धा घरातल्या भांड्यांसारखी असते. ती आपली नसते, घरची असते. आमचं घर माळकरी. आप्पांची वारी चुकत नव्हती, मीही हरिपाठ पाठ म्हणायचो. ती गेली ती पुढच्या काही महिन्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये. आणि देवाच्या गप्प बसण्यानं गेली नाही. त्याच्या वतीनं बोलणाऱ्यांमुळं गेली.

आत्या शेडमध्ये राहायची तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही घेऊन यायचा. कुणी चादर, कुणी पातेलं, कुणी स्पष्टीकरण. "देवाला आवडली." "मागच्या जन्मीचं देणं होतं." "गावात पाप फार वाढलं होतं." एक बुवा प्रवचनाला आले. त्यांनी तुकोबांच्या गाथ्यातला 'पोर मेलें बरें जालें' हा अभंग घेतला आणि माया कशी तुटते ते तासभर समजावून सांगितलं. पुढं तीस-चाळीस बायका बसलेल्या. त्यातल्या किती जणींच्या मांड्या रिकाम्या झाल्या होत्या ते बुवांना दिसत नव्हतं असं नाही. आत्या मधेच उठली. बाहेर येऊन हंड्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि मला म्हणाली, "काय बघायलास? चल, शेळीला पाला टाकू."

तुकोबांवर माझा राग नाही. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले असं चरित्रकार सांगतात. तो अभंग मला आजही वाचवत नाही, पण तो म्हणायचा अधिकार त्यांचा होता. दुःख त्यांचं, त्याचा अर्थ लावायचा तर त्यांनीच. स्वतःच्या जखमेला माणूस मीठ लावेल नाहीतर हळद. दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर ते चोळायला निघालेला माणूस बघितला की माझ्या डोक्यात अजूनही तिडीक जाते.

पुढं मी सिव्हिल इंजिनिअर झालो. योगायोग नाही, ठरवून झालो. तेव्हा कळलं की सटवाईनं काहीही लिहिलं नव्हतं. आत्याच्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या. बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक, मधे माती आणि कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड कुठंच नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि त्यावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर. घर गळू नये म्हणून मामा वर्षानुवर्षं प्रेमानं ते ओझं वाढवत होते. भिंत हलल्यावर दोन थर फाकले आणि सगळी माती खाली आली. धक्का ६.२ च्या आसपासचा होता. एवढा धक्का सोसणारं घर बांधता येतं, पण आमचा भाग तेव्हा देशाच्या नकाशात भूकंपाचा धोका सगळ्यात कमी असलेल्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये किल्लारीला लहान धक्के बसले होते, माणसं काही दिवस बाहेर झोपली. मग सवय झाली आणि परत आत गेली.

आता यातली गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही). गावाच्या कडेला कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या घरांत राहणारी माणसं तुलनेनं जास्त वाचली. ज्याचं माळवद जड, त्याचं मरण जवळ. मग वाड्यातल्यांचं कर्म वाईट आणि झोपडीतल्यांचं चांगलं म्हणायचं का? आदल्या दिवसापर्यंत तर हीच मंडळी उलटं सांगत होती. जो झोपडीत जन्मला तो मागच्या जन्मीचं फेडतोय, असं. जे काय घडेल त्याला चपखल बसणारं स्पष्टीकरण असेल तर ते स्पष्टीकरण नव्हे, चिकटपट्टी आहे.

मोठी माणसंही यात सापडली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. हेतू चांगलाच होता. रवींद्रनाथ टागोरांना मात्र ते सहन झालं नाही, त्यांनी जाहीर विरोध केला. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी तो विरोध स्वतःच्या 'हरिजन'मध्ये छापला, पण मत बदललं नाही. मी या वादात टागोरांकडून आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्यांना शिक्षाच द्यायची होती, तर जे ती सोसत होते त्यांच्या झोपड्या कशाला हलवायच्या?

माझे श्रद्धाळू मित्र म्हणतात, देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलंय, त्यामुळं दुःख येतं. युद्धाला, खुनाला हे मी एक वेळ मान्य करीन. जमिनीखालच्या खडकाला कसलं आलंय स्वातंत्र्य? दुसरे म्हणतात, ही त्याची लीला, आपल्याला कळायची नाही. कळायची नाही ना? मग पुढच्याच वाक्यात तो दयाळू आहे हे कसं कळलं?

एवढं लिहिल्यावर वाटेल की मी फार निवांत झालोय. तसं नाही. देव गेला की भांडायला कुणी उरत नाही, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. आत्याचं मात्र भांडण चालू होतं. तिनं वर्षभर देवघरातला विठोबा भिंतीकडं तोंड करून ठेवला. नैवेद्य बंद, दिवा बंद. जनाबाईनं विठ्या म्हणून शिव्या घातल्या, ही तर त्यापुढं गेली. मग एक दिवस त्याला सरळ केला आणि म्हणाली, "ऱ्हा बाबा. मलाबी कुणी न्हाई, तुलाबी कुणी न्हाई." वारीला परत जायला लागली. मी कधी तिच्याशी वाद घातला नाही. बुवाचं ओझं तिनं माझ्याआधीच खाली टाकलं होतं, देव तेवढा ठेवला होता. मला ते दोन वेगळे करता आले नाहीत.

स्लॅबखाली मात्र ती झोपली नाही. शेवटपर्यंत पत्र्याच्या पडवीत, दाराकडं पाय करून. मी तिला नवीन खोली बांधून दिली, तेव्हा पायाला, खिडकीच्या वर आणि छताखाली पट्टे टाकलेत, सळई कुठनं कुठं गेलीय, सगळं दाखवलं. ती मन लावून ऐकायची आणि शेवटी विचारायची, "पर पडंल का रे?"

२०१९ मध्ये ती गेली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. १९९३ ला पोरांच्या पिंडाला कावळा शिवलाच नव्हता, शेवटी दर्भाचा करून शिववला होता. पितृपक्षाचे दिवस, आणि त्या वर्षी त्या भागात पिंड तरी किती असतील! या वेळीही येईना. सगळे आळीपाळीनं पुढं होऊन शब्द देत होते. मामांना सांभाळू, शेळ्या विकणार नाही, तुझी वारी सून चालवील. मग आप्पा माझ्याकडं बघायला लागले. त्यांना माहीत आहे मी काय मानतो आणि काय नाही. तरी बघत राहिले.

मी पुढं झालो आणि हळूच म्हणालो, "आत्या, पडणार नाही."

कावळा थोड्या वेळानं आला. भात होता, येणारच होता. आप्पा मला म्हणाले, "बोललास ते बरं केलंस." मी म्हणालो, "आप्पा, ते कावळ्यासाठी नव्हतं." ते म्हणाले, "म्हाइतंय मला," आणि चपला शोधायला लागले.