माया कुठून आली हे कळलं म्हणजे ती खोटी ठरली का?

आज ग्रुपवरचा वाद वाचून डोकंच फिरलं. एक दादा म्हणे माया, त्याग, देव सगळं थोतांड, खरा फक्त जीन्सचा, म्हणजे जनुकांचा, स्वार्थ. खाली लगेच भक्तमंडळी, की माणूस देवाने थेट घडवला, डार्विन खोटा. दोघंही सारखेच हटवादी!

बाबा आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर एक अनोळखी बाई होती, तिचा मुलगा आत. रात्री मला डुलकी लागली तर तिने स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली आणि नर्सने बाबांच्या नावाने हाक मारली तर मला उठवायचं म्हणून स्वतः जागी राहिली. ना नातं, ना पुन्हा कधी भेट. उत्क्रांतीचा अभ्यासक हॅमिल्टन याने १९६४ मध्ये रक्ताच्या नात्यातल्या त्यागाचं गणित मांडलं, दुसरा अभ्यासक ट्रिव्हर्स याने १९७१ मध्ये परतफेडीच्या उपकाराचं, दोन्ही मला पटतात. पिल्लं सांभाळता सांभाळता ही माया मुरली असेल, परक्यापर्यंत पोचली असेल, असेलही. पण म्हणून त्या बाईची शाल स्वार्थाची? अहो, डोळेसुद्धा उत्क्रांतीनेच दिलेत, मग समोरचं झाड खोटं का? आणि हे दादा स्वतः कुणाच्याही अडीनडीला मध्यरात्री धावतात, तेव्हा कुठला हिशोब करतात?

आता भक्तांकडे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये मान्य केलं की उत्क्रांती हा नुसता तर्क राहिलेला नाही, पण आत्मा मात्र देव थेट देतो म्हणाले. मला हे ठिगळ वाटतं. शरीर निसर्गाचं आणि चांगुलपणा तेवढा वरून पार्सल आलेला? ती बाई जागी राहिली ती याच हाडामांसाच्या शरीराने, स्वतःच्या लेकरासाठी तुटणारं काळीज होतं म्हणूनच तिला माझं दुखणं कळलं ना. देवाला काम करायला हे शरीर कमी पडतं असं का वाटतं तुम्हाला?

बरं, मान्य, जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या गांधीलमाशीच्या अळ्या बघून डार्विनला दयाळू देव पटेना, १८६० मध्ये त्याने एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला तसं लिहिलंय. याला चोख उत्तर कुठल्याच धर्मशास्त्राने दिलेलं नाही, कर्माचं नाव पुढे करून तर अजिबात नाही. तरी मी देव मानते, आणि डार्विनही मानते. दोघांतला एक सोडा असं मला कुणी सांगू नका, प्लीज.