उपप्रश्न विचारायचा नसतो

अभिनंदन! महिला व बालकांच्या हक्क आणि कल्याणाची जी विधिमंडळ समिती आहे, तिच्यावर तुमची वर्णी लागली. तुम्हाला लोकलेखा हवी होती, गेलाबाजार अंदाज समिती तरी, हे मला ठाऊक आहे. मंत्रिपद हुकलं, महामंडळ हुकलं आणि वाटणीत हे पदरात पडलं. तोंड पाडून बसू नका. मुलांना मत नसतं, तेव्हा इथे काही चुकलं तरी मतदारसंघात जाब विचारणारा कोणी निघत नाही. ठाण्याच्या तीन हात नाक्यावरचा तुमचा अभिनंदनाचा फ्लेक्स कालच पाहिला. खाली कोपऱ्यात इंटरनेटवरून उतरवलेलं एक निळ्या डोळ्यांचं बाळ आहे. सुरुवात झकास आहे.

मी कोण? नाव राहू द्या. नौपाड्यात राहतो. बावीस वर्षं चार आमदारांचा स्वीय सहायक होतो. आमदार बदलले, पक्ष बदलले, एकदा तर आमदार तोच राहिला आणि पक्ष तेवढा बदलला. प्रश्नांचे मसुदे मात्र कायम माझ्याच हातचे. तेव्हा फुकटचा सल्ला आहे, ऐकून घ्या.

तारांकित प्रश्नापासून सुरू करू, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्या प्रश्नापासून. त्याचा साचा ठरलेला आहे. 'सन्माननीय महिला व बालविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) ठाणे जिल्ह्यातील एका बालगृहातून दोन मुले पळून गेल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरही साच्यातलंच येतं. '(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) चौकशी सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.'

आता एखादा नवखा सदस्य इथे अडतो. अंशतः म्हणजे काय? दोघांपैकी एकच पळालं, की दोघंही पळाली पण कमरेपर्यंतच? पळाली तर आज ती कुठे आहेत? ह्याला उपप्रश्न म्हणतात, आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. म्हणून तर सांगतोय, विचारू नका. पहिला प्रश्न वर्तमानपत्रासाठी असतो, त्याचं कात्रण निघतं, कार्यकर्ते ते व्हॉट्सॲपवर फिरवतात. दुसऱ्या प्रश्नाला कात्रण नसतं, त्याला नुसतं उत्तर असतं. मंत्र्यांच्या मागच्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीत चिठ्ठ्यांची पळापळ होते, आणि त्यातला एखादा अधिकारी उद्या तुमच्या बदल्यांच्या यादीवर बसलेला असतो. मी ज्यांच्याकडे होतो त्यातल्या एका ताईंनी एकदा असा उपप्रश्न विचारला होता. पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता, पण सांगून ठेवलेलं बरं.

दुसरं म्हणजे २०१५ चा बाल न्याय अधिनियम वाचायला घेऊ नका. फार घातक पुस्तक आहे. त्यात आकडे आहेत, आणि आकडे दिसले की माणसाला उपप्रश्न सुचतात. निराधार, संकटातल्या मुलांचं काय करायचं ते जिल्ह्यात ठरवणारी बाल कल्याण समिती असते, तीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसायचं. मूल समितीपुढे आलं की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश. हे डोक्यात राहिलं की तुम्ही विचारणार, आमच्या जिल्ह्यात गेल्या महिन्यात समिती किती दिवस बसली? चार महिने उलटून गेलेली किती मुलं आहेत? मग आकडा मागवावा लागतो, 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असं उत्तर येतं, आणि नागपूरचं अधिवेशन संपतं. नागपूरहून आपल्या भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, गाडीने आठ तास म्हणतात. माहिती वेगळ्या रस्त्याने येते.

अहवालांचं मात्र शिकून घ्या, त्यात सौंदर्य आहे. २००५ च्या कायद्याने राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे, अध्यक्ष आणि सहा सदस्य. त्याने दरवर्षी अहवाल द्यायचा. सरकारने तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा, आणि सोबत निवेदन जोडायचं, की कोणत्या शिफारशींवर काय केलं आणि जी मानली नाही ती का मानली नाही. 'का' हा शब्द कायद्यातच आहे म्हणा ना. कायदा करणाऱ्यांनी तुमच्या वतीने उपप्रश्न आधीच विचारून ठेवलाय! आता एखादा म्हणेल, मग निवेदन वाचू या. छे. 'पटलावर ठेवणे' ह्या शब्दांतच सगळं आलं. पटलावर ठेवलेली वस्तू देव्हाऱ्यातल्या सुपारीसारखी असते, तिला हात जोडायचे, फोडून खायची नसते.

भाषणात १०९८ चा, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, उल्लेख हमखास करा. 'दहा-नऊ-आठ' असं लयीत म्हटलं की टाळी पडते. १९९६ साली मुंबईतच ही सेवा सुरू झाली हेही सांगा, अभिमानाची गोष्ट आहे. स्वतः मात्र कधी लावून बघू नका. कोणीतरी उचललं तर काय बोलणार?

आता अवघड भाग. कधीतरी बातमी येते. शहापूर तालुक्यातलं कवडास, २०१०. तिकडे नव्या मुंबईच्या टोकाला कळंबोली, २०११. दोन्ही ठिकाणी मतिमंद मुलांच्या वसतिगृहात काय अत्याचार चालले होते ते बाहेर आलं, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर. बालवर्गाच्या वयाच्या दोन मुली, शाळेतच. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तासन्‌तास लोकल थांबल्या, आणि पुन्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. क्रम लक्षात घ्या. आधी बातमी, मग न्यायालय, आणि शेवटी आपण निषेधाला. ह्या क्रमाला धक्का लावू नका, बरीच वर्षं नीट चालला आहे.

अशा वेळी काय करायचं ते सोपं आहे. उभं राहायचं, आवाज चढवायचा आणि फाशी मागायची. फाशी मागितली की दुसरं काही विचारायला जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही मागायचे. कॅमेऱ्याचं टेंडर निघतं, त्याचं उद्‌घाटन होतं. शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायचा शासन निर्णय २०२२ चा आहे, म्हणजे बदलापूरच्या दोन वर्षं आधीचा. तेव्हा कोणी विचारलं असतं, की साहेब, ठाणे जिल्ह्यात किती शाळांत ती समिती खरंच बसते, तर? पण तेव्हा बातमी नव्हती. आणि बातमी आल्यावर कोणी समितीबद्दल विचारतं का? तेव्हा वातावरण किती तापलेलं असतं.

राहिला बालगृहांचा दौरा. हे खरं समितीचं सुख. कार्यक्रम आठवडाभर आधी कळवला जातो. न कळवता जाणं म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी पाहुण्याने टपकणं, आपल्यात ते बसत नाही. तपासणी समिती नावाचं वेगळं प्रकरण आहे, कायद्याप्रमाणे तीन महिन्यांतून एकदा तरी किमान तिघांनी जायचं, त्यांत एक बाई आणि एक डॉक्टर हवेत. ती मंडळी मुलांची खरूज आणि उवा बघतात. तुम्ही बघू नका. तुमच्यासाठी स्वागतगीत आहे. चुन्याचा वास येईल, तो नवीन रंगाचा. गणवेशाला घड्या असतील, कारण ते सकाळीच पाकिटातून निघालेत. सूचनापेटी भिंतीवर दिसेल, तिला कुलूप असेल. किल्ली कुठे आहे, हा उपप्रश्न झाला.

मग अधीक्षक फाईल उघडून सांगतील. मंजूर क्षमता इतकी, हजर मुलं इतकी. परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलांची सामाजिक तपासणी करणारे, दोन मंजूर, एक रिक्त, आणि दुसऱ्याकडे शेजारच्या तालुक्याचाही अतिरिक्त कार्यभार. अतिरिक्त कार्यभार! किती गोड शब्द. एकाच माणसाने दोन ठिकाणी नसण्याला शासनात हे नाव आहे. तुम्ही मान हलवा. बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, किती मुलं त्यामुळे घरीच राहू शकली, बालगृहात यावं लागलं नाही, हा आकडा कदाचित मुद्दामच पुढे येईल. तेवढा टिपून घ्या, चांगला आहे. किती जणांचे पैसे वेळेवर येतात, हे विचारू नका.

एक शक्यता सांगून ठेवतो. एखादी मुलगी तुमच्याकडे टक लावून बघत राहील. तिला नाव विचारलंत तर चालेल, 'मोठेपणी काय होणार' विचारलंत तरी चालेल. 'इथे कधीपासून आहेस' मात्र नको. तिला तारीख नेमकी ठाऊक असते. तारीख कळली की चार महिने मोजायचा मोह होतो. जेवणाला कोर्ट नाक्याकडे वळून मामलेदारची मिसळ घ्या, तिखटच सांगा. डोळ्यांत पाणी आलंच तर कारण तयार असतं.

निघताना अभिप्राय वही पुढे येईल. 'व्यवस्था समाधानकारक आढळली. मुले आनंदी दिसली.' एवढंच लिहायचं आणि खाली सही. मागचं पान उलटून पाहिलंत तर दिसेल, आधीच्या सदस्यांनीही हेच लिहिलंय, शब्द न शब्द, कारण अधीक्षक ते तोंडी सांगतात.

माझ्या शेवटच्या दौऱ्यात मी उलटून पाहिलं होतं. सहीच्या खालच्या रकान्यात, जिथे 'सूचना' असं छापलेलं असतं, तिथे पेन्सिलीने, ओळीला न धरता, कोणीतरी लिहिलं होतं : 'पंखा पाहुणे आल्यावरच लावतात.' मी वर पाहिलं. पंखा चालू होता. अधीक्षक म्हणाले, मुलं काहीतरी गिरवत असतात हो, आणि त्यांनी पान पुढे सारलं. आमदारांनी सही केली. आम्ही गाडीत बसलो.