‘विषय काढू नका’ म्हणणाऱ्यांना

३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघं सख्ख्या नात्यातले. त्यात थोडक्यात असं आहे: ‘अपंग’ म्हणणं कायद्यानं गुन्हा आहे, दिव्यांगच म्हणा. त्यांच्यासमोर व्यंगाचा विषय काढू नका, मन दुखावतं. इच्छाशक्तीपुढं काहीच अशक्य नाही, हे त्यांना सांगत राहा. आणि उद्याची काळजी त्यांच्या कानावर घालू नका.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. जवळजवळ चाळीस वर्षं मी पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, घालून वावरते आणि या मेसेजमधलं एकेक वाक्य भोगून झालंय. म्हणून उत्तर देते.

शब्दाचं आधी उरकते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा शिक्षा सांगतो ती चारचौघांत मुद्दाम अपमान केल्याबद्दल, पाणउतारा केल्याबद्दल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नुसता ‘अपंग’ शब्द उच्चारला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. आणि ‘दिव्यांग’ म्हणूनही माणसाला हिणवता येतं, ते मी ऐकलंय. आमच्या सीमाभागात मराठी पेपरात दिव्यांग, कन्नड अर्जावर विकलचेतन, आणि आज्जीच्या तोंडी सरळ लंगडी. आज्जीचा शब्द मला कधी लागला नाही, कारण त्याच्यापाठोपाठ ती विचारायची, ‘आज पाय कसा हाय गं?’ मला अपंग म्हटलेलं चालतं. दुसऱ्या कुणाला चालणार नाही. ज्याचं त्याला विचारावं.

आता ‘विषय काढू नका’. माझ्यासमोर निघत नाही तो विषय माझ्या पाठीमागं निघतो, एवढाच याचा परिणाम. मी तेवीस वर्षांची असताना चंदगडकडचं एक स्थळ आलं. मामांनी त्यांना ‘पाय जरा अधू आहे’ एवढंच सांगून ठेवलेलं. पाहुणे यायच्या आधीच मला खुर्चीत बसवलं, साडीच्या निऱ्या बुटांवर पसरून दिल्या. पोहे वैनीनं आणायचे असं ठरलं. शिक्षण झालं, नोकरी झाली, सगळं विचारून झालं. मग मुलाची आई म्हणाली, ‘चल, घर दाखव की गं जरा.’ मी उठले. उभं राहताना कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक खट्ट वाजतं. त्या आवाजानंतर कुणी कुणाकडं बघेना. कुणी काही विचारलंही नाही. चहा घेऊन ते गेले.

त्या बाईंनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जिना चढता येतो, भरलेली घागर नेता येत नाही, मूल होण्यात पोलिओची काही आडकाठी नाही. जी माहिती त्यांना हवी होती ती त्या खोलीत फक्त माझ्याकडं होती. तरी नकार आला असता, कबूल. पण तो माझं ऐकून आला असता.

याबाबतीत लहान मुलं बरी. परवा खानापूरच्या बसमध्ये शेजारच्या पोरीनं विचारलं, ‘मावशी, पायात लोखंड का घातलंय?’ तिच्या आईनं तिला चिमटा काढला. मी लॉक उघडून दाखवलं. ‘दुखतंय काय?’ म्हणाली. म्हटलं, पावसाळ्यात दुखतं. आपल्याकडचा पाऊस, चामड्याचा पट्टा एकदा भिजला की चार दिवस वाळत नाही आणि मांडीला घासून जखम होते. तिनं जरा विचार केला. ‘मग त्यालाबी रेनकोट घाल की.’ इतक्या वर्षांत हे कुणी सुचवलं नव्हतं. अर्थात रेशनच्या रांगेत अनोळखी माणसानं ‘नवरा आहे काय?’ असं विचारलं तर ‘ते तुम्हाला कशाला?’ म्हणायचा हक्क माझा आहे, आणि मी म्हणते.

पण सगळ्यात जास्त नुकसान माझं इच्छाशक्तीच्या वाक्यानं केलं. लहानपणापासून ऐकलं, तू जिद्दीची, तू पोलिओवर मात केलीस. एका सत्काराला शाल-श्रीफळ घ्यायला कठडा नसलेल्या सात पायऱ्या चढले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अडतिशीत चांगल्या पायातला जोर कमी व्हायला लागला. दुपारपर्यंत अंग गळून जायचं. मी आणखी नेटानं चालले, कारण थकणं म्हणजे जिद्द संपणं असंच डोक्यात भरलेलं. वर्षभर घरात कुणाला बोलले नाही. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, हा पोस्ट-पोलिओ आहे. पोलिओनं काही चेतापेशी मरतात, उरलेल्या पेशी त्यांच्या वाटचे स्नायूही सांभाळतात आणि पुष्कळ वर्षांनी, कधी पंधरा, कधी चाळीस, त्या ओझ्यानं थकायला लागतात. यावर उपाय काय, तर जपून चालणं, मध्ये मध्ये बसणं, रेटून न करणं. म्हणजे ज्या जिद्दीचं कौतुक होत होतं ती करून मी पाय आणखी झिजवत होते. भारतात नैसर्गिक विषाणूनं झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. रोग गेला, पण आम्ही आहोत, चाळिशी-पन्नाशीत. आमच्यातल्या कुणी ‘आता जमत नाही’ म्हटलं तर कृपा करून ‘असं बोलू नये’ म्हणू नका. कधीपासून जमत नाही ते विचारा.

राहिली उद्याची काळजी. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मुलगा बावीस वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी असलेला, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं हालचालींवर पुरता ताबा नसलेला. बोलणं फार तुटक, समज पुरेपूर. ‘आमच्यामागं याचं कसं?’ हे काकू सगळ्या गल्लीला विचारतात, तो आतल्या खोलीत गेला की. मी त्यांना सांगितलं, अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व असलेल्यांना गरज असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं अर्ज करून. काकू म्हणाल्या, अर्ज करायचा तर नाव थोरल्या लेकीचंच घालू. मी म्हटलं, आधी त्याला विचारा.

त्यांना ते फार जड गेलं. दोनदा उठून आत गेल्या. मग त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, ‘आई नसली तर कुणाकडं राहशील रे?’ तो घाबरला नाही, रडलाही नाही. ताईचं नाव त्यानं घेतलं नाही. हात वर करून समोरच्या घराकडं बोट केलं. तिथं त्याचा धाकटा काका राहतो, जो रोज संध्याकाळी त्याला गाडीवरनं फिरवून आणतो.