‘सरकारनं हात काढून घ्यावा’ : फिरणाऱ्या पोस्टला तासगावातून उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या निम्म्या ग्रुपवर एकच पोस्ट फिरली. म्हणणं असं: अमेरिका सरकारी लुडबुड नव्हती म्हणून श्रीमंत झाली, रोजगार हमीनं माणसं आळशी केली, उसाचा दर बाजारावर सोडा, तो आपोआप न्याय देतो. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही.

अमेरिकेचं आधी उरकतो. १८६२ च्या कायद्यानं तिथल्या सरकारनं रेल्वे कंपन्यांना जमिनी आणि कर्जं दिली. २००८ मध्ये बँका कोसळायला लागल्या तेव्हा ७०० अब्ज डॉलरची तरतूदही सरकारनंच केली. लुडबुड नव्हती म्हणे!

रोजगार हमीवर मात्र थांबावं लागेल, कारण ती घरची आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तिचा पहिला प्रयोग केला तो आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापुरात. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, दुष्काळी कामावर मिळणारा सुकडीचा खाऊ आणि खडी फोडणं दोन्ही आठवतं त्यांना. पुढं १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ चा देशभराचा कायदा त्याच वाटेनं आला. पैसा कुठून आणला? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवून. नोकरदारांच्या पगारातून आजही ‘पीटी’ म्हणून कापला जातो तोच. शहरातल्या पगारातून थोडं काढून दुष्काळी गावाच्या मजुरीत घालायचं, असा साधा हिशेब. ती मजुरी गावातल्याच किराणा दुकानात खर्च व्हायची, म्हणजे दुकानदारही तगायचा. शिवाय हमीचं काम हाताशी असलं की पडेल त्या रोजावर मजुराला राबवता येत नाही. काही जणांना ‘आळस’ दिसतो तो इथंच, असा मला संशय आहे. एप्रिलच्या उन्हात खडी फोडायला आळशी माणूस जात नसतो.

आता ऊस. कांदा परवडला नाही तर चाळीत ठेवता येतो. तोडलेला ऊस ठेवता येत नाही, दिवसागणिक वजन आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो. तोडणीची टोळी कारखान्याच्या हातात. असा माल घेऊन शेतकरी भाव काय करणार, कप्पाळ? म्हणून १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत बिल आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज लिहिलंय. म्हणूनच एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायलाच हवा असा केंद्रानं ठरवलेला किमान दर: २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ती थकली तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली करायचा आदेश, काढतात, मग जिल्हाधिकारी साखर जप्त करू शकतात. व्याज मिळवायला दमछाक होते, हे खरं. पण कायदाच नसता तर मागायचं तरी कशाच्या जोरावर?

पोस्टवाल्यानं नेम चुकवला, नाहीतर त्याच्या हाताशी चांगले मुद्दे होते. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट सरकारचीच. तिच्यामुळं उसाला गिऱ्हाईक कमी होतं. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करायला ऐन हंगामात एकदम बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली. शहरात साखर महागू नये म्हणून कारखान्याचा आणि पर्यायानं आपला खिसा दाबला. याविरुद्ध त्यानं लिहिलं असतं तर मीच पोस्ट पुढे पाठवली असती.

ज्यानं मला ती पाठवली तो कवठेमहांकाळकडचा द्राक्षवाला मित्र. त्याची बाग म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर आहे. कृष्णेतून टप्प्याटप्प्यानं उचललेलं ते पाणी. विजेच्या बिलात ८१ टक्के वाटा सरकारचा, १९ टक्के शेतकऱ्यांचा. मागच्या उन्हाळ्यात आवर्तन आठ दिवस लांबलं, तर गडी सकाळी सातलाच पाटबंधारेच्या ऑफिसबाहेर जाऊन बसला होता.