एवढं खोललंच आहे तर...

गाडीचा क्लच एकटा कधीच जात नाही. जाताना नात्यागोत्यातल्या सगळ्यांना घेऊन जातो. खंबाटकी घाटात मला याची काहीच कल्पना नव्हती. मी ॲक्सिलरेटर दाबत होतो, इंजिन बोंबलत होतं, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा वर वर चढत होता आणि कोंबड्यांचा टेम्पो आम्हाला ओव्हरटेक करून जात होता. त्यातच करपल्याचा वास आला.

"अहो, कुणाचं तरी काहीतरी जळतंय," बायको म्हणाली.

ते 'कुणाचं तरी' आमचंच होतं.

पुण्याला परतल्यावर आमच्या गॅरेजवाल्या वस्तादांनी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन आपलं निवांत चालूच.

"बंद नाही पडलं!" मी आनंदाने म्हणालो.

"तेच तर. पडायला पाहिजे होतं. क्लच घसरतोय."

त्याआधी एका चकचकीत वर्कशॉपात एस्टिमेट काढून घेतलं होतं. तिथे कॉफी फुकट होती, आणि आकडा वाचल्यावर ती का फुकट आहे तेही कळलं. गाडी तेरा वर्षांची, डिझेल. विकायला काढली तर जेवढे येतील, त्याच्या निम्मे हे लोक क्लचसाठी मागत होते. वस्तादांचं मात्र सरळ होतं. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सेट आणायचा, मजुरी वेगळी. माझं बजेट त्यात आरामात बसत होतं. गिअरबॉक्स खाली उतरेपर्यंत बसत होतं.

"साहेब, फ्लायव्हील बघा." क्लच ज्याच्यावर बसतो ते जड चाक वस्तादांनी काळ्या भुकटीने माखलेल्या हातांनी धरून हलवलं. आतून खडखड आवाज आला. डिझेल इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून आमच्या गाडीत एकाऐवजी दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा, अशी व्यवस्था आहे. याला 'ड्युअल मास' म्हणतात. साधं फ्लायव्हील असतं तर लेथवर फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून, चाललं असतं. हे लेथच्या भानगडीत बसत नाही, नवीनच घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत क्लच सेटच्या तिप्पट! दोन चाकं म्हटल्यावर दुप्पट मी समजू शकतो. तिसरा हिस्सा बहुधा स्प्रिंगांचा असावा.

या नाजूक क्षणी भाचा आला. तो मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो, आणि ही त्याची एकमेव शैक्षणिक पात्रता आहे.

"मामा, लाइटवेट फ्लायव्हील टाक. पिकअप बघ कसला येतो! आणि क्लच सिरॅमिकचा."

वस्तादांनी पाना खाली ठेवला. "हलकं टाकलं की सिग्नलला गाडी सारखी बंद पडणार. आणि सिरॅमिकचा क्लच कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये दाबून बघ. संध्याकाळपर्यंत डावा पाय उजव्याच्या दुप्पट होईल."

शेवटी मधला मार्ग निघाला. ड्युअल मास काढून साधं, सॉलिड फ्लायव्हील बसवायचं आणि स्प्रिंगा क्लचप्लेटमधल्या घ्यायच्या. निम्म्याहून कमी खर्च. न्यूट्रलला थोडी खुळखुळ ऐकू येईल, हादरेही जरा जास्त जाणवतील, असं वस्ताद म्हणाले. तेरा वर्षांच्या गाडीत ती खुळखुळ नक्की कुठली हे ओळखायला नाहीतरी कोण येणार होतं!

सामान आणायला नाना पेठेत गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "बिल पाहिजे का?" सप्टेंबर २०२५मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे मी पेपरात वाचून पाठ करून आलो होतो. ते ऐकवल्यावर त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाला, "आम्ही आधीच कमी लावलेलं असतं."

आणि मग सुरू झाला वस्तादांचा तो जप. "एवढा गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्रँकचं मागचं ऑइल सील टाकून घ्या. दीडशेची वस्तू, पण उद्या गळली तर पुन्हा सगळं खोला, आणि नव्या क्लचवर तेल." पटलं. गिअर ऑइल तर काढावंच लागलं होतं, तेही नवीन. फ्लायव्हीलचे बोल्ट जुने वापरायचे नसतात. पटलं. माउंटिंगचं रबर चिरलंय. तेही पटलं. या माणसाचं सगळंच पटतं, हीच पंचाईत. तो खोटं बोलत असता तर मी भांडलो तरी असतो.

बसवताना मात्र बघत राहावं असं काम. क्लचप्लेट बरोबर मध्यावर यावी म्हणून त्यांनी जुन्या शाफ्टचा तुकडा आत घातला, समोरासमोरचे बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळले, आणि पोऱ्याने खालून गिअरबॉक्स रेटल्यावर तो एकदाचा 'खट्' करून बसला. बिल सांगताना वस्तादांचा आवाज तेवढा ठाम नव्हता. एकूण रक्कम माझ्या बजेटच्या दुप्पट आणि त्या फुकट कॉफीवाल्यांच्या निम्मी झाली. यातला कोणता अर्धा भाग घरी सांगायचा हे मी वाटेतच ठरवलं.

जुनं फ्लायव्हील वस्तादांनी इमानदारीने डिकीत टाकून दिलं. दहा-बारा किलोचं ते धूड बाल्कनीत पडून राहिलं, मग भंगारवाल्याला बोलावलं. त्याने काट्यावर टाकलं, लोखंडाचा भाव सांगितला. मी किलोमागे दोन रुपयांसाठी जीव तोडून घासाघीस केली आणि जिंकलो. पैसे मोजून देताना त्याने खाली उभ्या असलेल्या गाडीकडे नजर टाकली.

"बाकीची कधी देताय, साहेब?"